मसाला कारखान्यातील पुरवठ्याचे नियोजन: टॅलीतील नोंदींपासून साप्ताहिक आराखड्यापर्यंत

मार्च महिन्यात सांगली-कोल्हापूर पट्ट्यातील एखाद्या मध्यम मसाला कारखान्यात गेलात, तर एकाच दिवशी दोन तक्रारी कानावर पडण्याची शक्यता असते. विक्री पाहणारे म्हणतात, माल नाही. हिशेब पाहणारे म्हणतात, सगळा पैसा मालात अडकला आहे. दोघेही खरेच बोलत असतात, कारण गोदाम भरलेले असते ते न खपणाऱ्या वस्तूंनी, आणि ज्या पाऊचला बाजारात मागणी असते त्याची छापील फिल्म अजून छपाईवाल्याकडेच असते. अशा वेळी कोणीतरी नवे सॉफ्टवेअर घेण्याचा विषय काढतो. माझा अनुभव असा, की ही पायरी अखेरची आहे. तिच्या आधीची बहुतेक कामे टॅलीतील नोंदी, एक्सेल आणि गोदामात घालवलेले चार दिवस एवढ्यावर होतात, आणि ती झालेली नसतील तर महागडे सॉफ्टवेअरही चुकीचेच उत्तर देते, फक्त अधिक आत्मविश्वासाने.

पुढील मांडणी ज्या कारखान्यासाठी आहे त्याचे स्वरूप साधारण असे धरले आहे: चाळीसएक तयार वस्तू, पंचवीस-तीस स्टॉकिस्ट (दुकानांना माल पुरवणारे घाऊक वितरक), हिशेब टॅलीत, आणि एक्सेलवर बऱ्यापैकी हात बसलेली एक व्यक्ती. उदाहरणांतील आकडे हिशेब समजण्यापुरते घेतले आहेत. तेथे आपापल्या कारखान्याचे आकडे घालावेत.

पहिली पायरी: वस्तूंची यादी एकदाच, पण नीट

टॅलीतून सर्व वस्तूंची यादी एक्सेलमध्ये काढावी आणि नावांच्या क्रमाने लावून शांतपणे वाचावी. ‘मिरची पावडर २००’, ‘मिर्ची पा. २०० ग्रॅ.’ आणि ‘लाल तिखट २०० नवीन’ या एकाच वस्तूच्या तीन नोंदी निघाल्या, तर आश्चर्य वाटून घेऊ नये. बिल घाईत करायचे असते, जुने नाव सापडत नाही, म्हणून नवे तयार होते. दोन-तीन वर्षांत यादी दुप्पट होते. प्रत्येक खऱ्या वस्तूला एक छोटा, अर्थ न भरलेला कोड द्यावा. कोडमध्ये वजन, चव, किंमत असे सगळे कोंबण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण उद्या किंमत बदलली की कोड खोटा ठरतो.

एककांचा घोळ याहून त्रासदायक असतो. विक्री पेटीत, उत्पादन किलोत आणि साठा नगात लिहिला जात असेल, तर एका पेटीत किती पाऊच हे प्रत्येक वस्तूपुढे एकाच ठिकाणी लिहिलेले असले पाहिजे. टॅलीत पर्यायी एककाची सोय आहे, ती वापरावी. सर्व हिशेब एकाच मूळ एककात, शक्यतो नगात, करावा आणि पेटी फक्त छापील कागदावर दाखवावी.

त्यानंतर यादी घेऊन प्रत्यक्ष गोदामात जावे. एका कारखान्यात संगणकावर छापील फिल्मचे पाच रोल शिल्लक दिसत होते आणि त्या भरवशावर मी खरेदीचा आराखडा बेतून दिला होता. हंगाम तोंडावर आला तेव्हा कळले, की पाचपैकी तीन रोलांवर जुनी किंमत छापलेली होती. रोल होते, वजनही बरोबर होते, पण वापरता येणारे दोनच होते. दोष संगणकाचा नव्हता. मी गोदामातील मांडणी न पाहता आकडा उचलला होता. तेव्हापासून साठ्याच्या तक्त्यात ‘शिल्लक’ आणि ‘वापरण्याजोगी शिल्लक’ असे दोन रकाने मी वेगळे ठेवतो आणि दुसरा रकाना गोदाम सांभाळणाऱ्यानेच भरावा असा आग्रह धरतो.

दुसरी पायरी: घटकसूची आणि घट

प्रत्येक तयार वस्तूला काय काय लागते, याची घटकसूची करावी: कच्चा मसाला, तेल, मीठ, फिल्म, खोका, चिकटपट्टी. चिकटपट्टी क्षुल्लक वाटते, पण तिच्यावाचूनही पेटी निघत नाही.

येथे घटीचा हिशेब हमखास चुकतो. समजा, १०० किलो अख्खी मिरची देठ काढून, वाळवून, दळून ८६ किलो पावडर मिळते. ८६० किलो पावडर हवी असेल, तर अनेक जण ८६० मध्ये १४ टक्के मिळवतात आणि सुमारे ९८० किलो मिरची मागवतात. लागणार असते १,००० किलो. घट मूळ मालावर धरली आहे, त्यामुळे ८६० ला ०.८६ ने भागायचे असते. वीस किलोंचा फरक लहान दिसतो. पण तो दर खेपेला एकाच दिशेने होत असल्यामुळे महिनाअखेरीस ‘मिरची गेली कुठे’ असा प्रश्न उभा राहतो आणि नाहक कोणावर तरी संशय येतो. घटीचे प्रमाण वाण आणि महिन्यानुसार बदलते. हंगामाच्या सुरुवातीच्या मिरचीत ओलावा जास्त असतो, म्हणून एकच आकडा वर्षभर न वापरता प्रत्येक लॉटची आवक आणि निघालेली पावडर यांची नोंद ठेवावी.

तिसरी पायरी: विक्री म्हणजे मागणी नव्हे

आता मागील किमान २४, शक्य असल्यास ३६ महिन्यांची बिले ओळीओळीने काढावीत: तारीख, स्टॉकिस्ट, वस्तूचा कोड, नग, परत आलेला माल. दर महिन्याची फाइल एका फोल्डरमध्ये ठेवून एक्सेलमधील पॉवर क्वेरीने फोल्डरच जोडावा. म्हणजे नवी फाइल टाकून ‘रिफ्रेश’ केले की तक्ता आपोआप पुढे सरकतो आणि दर महिन्याला कापून चिकटवण्याचे काम, व त्यात होणाऱ्या चुका, दोन्ही थांबतात. जुन्या नावांपासून नव्या कोडांकडे नेणारी एक जोडयादी वेगळ्या पानावर ठेवावी. मूळ बिलांत हात घालू नये.

मात्र बिले आपण काय विकले ते सांगतात, बाजाराला काय हवे होते ते सांगत नाहीत. मार्चमध्ये कामाचे २६ दिवस होते, त्यांपैकी १८ दिवसच कांदा-लसूण मसाल्याचे पाऊच शिल्लक होते आणि तेवढ्यात ५,४०० पाऊच गेले, तर पुढच्या मार्चसाठी ५,४०० हा आकडा धरणे म्हणजे यंदाचा तुटवडा पुढच्या वर्षासाठी राखून ठेवणे होय. दिवसाला ३०० या दराने मागणी ७,८०० पर्यंत जाते. हाही वरचाच अंदाज आहे, कारण माल आल्याच्या पहिल्या दिवशी स्टॉकिस्ट तुटवड्याच्या धास्तीने जास्त उचलतात; तरी खरा आकडा या दोहोंच्या मधे कुठेतरी असतो. त्यासाठी कोणती वस्तू कोणत्या दिवशी शून्यावर होती, याची नोंद लागते. ती आजपासून ठेवायला सुरुवात करावी. मागील काळासाठी रोजचा शिल्लक अहवाल काढून ते दिवस शोधता येतात.

दुसरा फसवा आकडा महिनाअखेरचा. विक्रीचे लक्ष्य गाठण्यासाठी ३० तारखेला योजना जाहीर होते, स्टॉकिस्ट दोन महिन्यांचा माल एकदम उचलतात आणि पुढचा महिना कोरडा जातो. कारखान्यातील आलेख डोंगरदरीसारखा दिसतो, पण किराणा दुकानातून माल संथ गतीनेच जात असतो. दुकानाकडून कारखान्याकडे येताना मागणीतील चढउतार असे मोठे होत जातात, हे अमेरिकी अभ्यासक जे फॉरेस्टर यांनी १९६१ मध्येच मांडले होते आणि आजही त्यावर उपाय एकच आहे: पुढच्या कडीचा आकडा मिळवणे. सर्व स्टॉकिस्टांकडून ते होणार नाही. पाच-सहा मोठ्या स्टॉकिस्टांकडून दर सोमवारी त्यांची शिल्लक व्हॉट्सॲपवर मागवावी. आठवड्याच्या सुरुवातीची शिल्लक, अधिक आपण पाठवलेला माल, वजा अखेरची शिल्लक, म्हणजे त्यांच्याकडून दुकानांत गेलेला माल. फोटोतील हस्ताक्षर वाचून आकडे भरावे लागतात, कंटाळवाणे काम आहे. परंतु माझ्या मते या सबंध उद्योगातील सर्वांत मोलाचा अर्धा तास तोच.

चौथी पायरी: अंदाज आणि पंचांग

अंदाजासाठी प्रथम सर्वांत साधी पद्धत वापरावी: मागील वर्षीच्या त्याच महिन्याची सुधारलेली मागणी, गुणिले यंदाच्या वाढीचे प्रमाण. ही मोजपट्टी. त्यानंतर एक्सेलमधील ‘फोरकास्ट.ईटीएस’ हे सूत्र वापरून पाहावे. २०१६ च्या आवृत्तीपासून ते उपलब्ध आहे, कल आणि हंगाम दोन्ही पकडते, आणि त्यात हंगामाची लांबी १२ अशी आपण स्वतः सांगितलेली बरी. ते वापरूनही साध्या पद्धतीपेक्षा चूक कमी होत नसेल, तर साधीच पद्धत ठेवावी. चाळीस वस्तूंचा वेगवेगळा अंदाज करण्याऐवजी तिखट, हळद, गरम मसाला असा गटाचा अंदाज करून तो मागील तीन महिन्यांच्या प्रमाणात वस्तूंवर वाटला, तर बहुधा अधिक नेमका येतो, कारण एका पाऊचची वध-घट दुसऱ्यात जिरते.

मात्र इंग्रजी महिन्यांवर चालणाऱ्या कोणत्याही सूत्राला आपले पंचांग कळत नाही. श्रावणात अनेक घरांत मांसाहार बंद असतो. मटण मसाला आणि कांदा-लसूण मसाल्याची उचल मंदावते. हा श्रावण २०२३ मध्ये, अधिक मास संपल्यावर, १७ ऑगस्टला सुरू झाला, २०२४ मध्ये ५ ऑगस्टला आणि २०२५ मध्ये २५ जुलैला. म्हणजे २०२३ च्या ऑगस्टचे सुमारे १५ दिवस निज श्रावणात होते, २०२४ चे २७ आणि २०२५ चे २३. सूत्राला हे तिन्ही ‘ऑगस्ट’ सारखेच दिसतात आणि त्यातील फरक ते बाजाराचा लहरीपणा समजून सोडून देते. २०२३ मध्ये तर त्याआधी १८ जुलैपासून अधिक श्रावणही होता, आणि तोही काही घरांत पाळला जातो. त्या वर्षीचे जुलै-ऑगस्ट हे नमुना म्हणून वापरताना विशेष सावध राहावे.

यावर उपाय सोपा आहे. तारखांच्या तक्त्यात एक रकाना वाढवावा आणि प्रत्येक दिवसापुढे तो श्रावणात आहे की नाही ते लिहावे. मग श्रावणातील एका दिवसाची सरासरी उचल आणि इतर दिवसांची सरासरी उचल वेगळी काढून, येणाऱ्या महिन्यातील त्या त्या दिवसांच्या संख्येने गुणावी. दिवाळीसाठी याहून चांगली युक्ती म्हणजे आठवड्यांना दिवाळीपासून उलटे क्रमांक देणे: दिवाळीपूर्वीचा पहिला आठवडा, दुसरा, तिसरा, असे आठव्यापर्यंत. चिवडा मसाला आणि चकली मसाल्याची तुलना ऑक्टोबर विरुद्ध ऑक्टोबर न करता ‘दिवाळीपूर्वीचा चौथा आठवडा’ विरुद्ध ‘दिवाळीपूर्वीचा चौथा आठवडा’ अशी करावी. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होते; २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ असल्यामुळे ते ८ नोव्हेंबरला आहे. मागील ऑक्टोबर जसाच्या तसा पुढे ओढला, तर माल अडीच आठवडे आधी तयार होऊन गोदामात पडेल. तेलाचा अंश असलेला मसाला असा पडून राहणे कोणालाच परवडत नाही, कारण खवट वासाची तक्रार आली की पेटीच नव्हे, कधीकधी दुकानही परत येत नाही.

पाचवी पायरी: चूक मोजणे

अंदाज चुकणारच. किती चुकतो आणि कोणत्या बाजूने, हे मोजणे आपल्या हातात असते. तीन वस्तूंची प्रत्यक्ष मागणी १००, ४० आणि १० पेट्या होती आणि अंदाज अनुक्रमे ९०, ५० आणि २० पेट्यांचा होता, असे धरू. प्रत्येक वस्तूची टक्केवारी काढून सरासरी घेतली तर चूक १०, २५ आणि १०० टक्क्यांची, म्हणजे सरासरी ४५ टक्के दिसते आणि अंदाज करणाऱ्याचा धीर सुटतो. एकूण चूक ३० पेट्या भागिले एकूण मागणी १५० असे केले तर ती २० टक्के येते. दुसरे माप वापरावे. दहा पेट्यांच्या वस्तूने सबंध कारखान्याची प्रगती ठरवू नये.

त्याच्या शेजारी झुकाव लिहावा. वरच्या उदाहरणात अंदाजांची बेरीज १६० आणि मागणीची १५०, म्हणजे अंदाज जवळपास ७ टक्के जास्तीकडे झुकला आहे. एखाद्या महिन्यात हे चालते. सलग चार महिने झुकाव एकाच बाजूला राहिला, तर तो योगायोग नसतो. बहुधा विक्रीच्या लक्ष्याचा आकडाच कोणीतरी अंदाज म्हणून तक्त्यात भरत असतो. लक्ष्य आणि अंदाज हे दोन वेगळे रकाने आहेत. लक्ष्य मोठे असायला हरकत नाही, पण फिल्म मागवायची ती अंदाजावर.

सहावी पायरी: राखीव साठा

बहुतेक कारखान्यांत राखीव साठ्याचा नियम ‘पंधरा दिवसांचा माल असू दे’ असा तोंडी असतो. तो सर्व वस्तूंना सारखा लावला जातो आणि म्हणूनच काही ठिकाणी अति होतो, काही ठिकाणी अपुरा पडतो. खरे तर राखीव साठा दोन अनिश्चिततांवर अवलंबून असतो: मागणीच्या अंदाजातील चूक आणि माल येण्याच्या काळातील चढउतार.

दुसऱ्या गोष्टीसाठी प्रत्येक पुरवठादाराची मागील वीसएक खरेदी काढावी. ऑर्डर दिल्याची तारीख आणि माल तपासून गोदामात चढवल्याची तारीख यांतील अंतर हाच प्रतीक्षाकाळ. पुरवठादार फोनवर सांगतो तो नव्हे. परराज्यातून येणाऱ्या मालात वाहतुकीचे दिवस वेगळे काढायचे असतील, तर मालवाहतुकीसाठी काढल्या जाणाऱ्या ई-वे बिलावरील तारीख उपयोगी पडते: माल निघायलाच उशीर झाला की रस्त्यात झाला, हे त्यावरून कळते आणि कोणाशी बोलायचे तेही ठरते.

आता छापील फिल्मचे उदाहरण पाहू. आठवड्याला ६० किलो फिल्म लागते. अंदाजातील साप्ताहिक चुकांचे प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून साधारण किती दूर पसरतात याचे माप) १५ किलो आहे. छपाईवाल्याकडून माल यायला सरासरी ३ आठवडे लागतात आणि आपण साठ्याचा आढावा आठवड्यातून एकदाच घेतो, म्हणून त्यात १ मिळवून काळ ४ आठवड्यांचा धरला. प्रतीक्षाकाळाचे प्रमाण विचलन १ आठवडा आहे. विचलन काढायला एक्सेलमधील ‘स्टडेव्ह.एस’ हे सूत्र पुरते.

हिशेब असा: ४ गुणिले १५ चा वर्ग म्हणजे ९००. ६० चा वर्ग गुणिले १ चा वर्ग म्हणजे ३,६००. दोहोंची बेरीज ४,५००, तिचे वर्गमूळ सुमारे ६७. त्याला १.६५ ने गुणले की राखीव साठा सुमारे १११ किलो येतो. १.६५ हा गुणक माल मागवण्याच्या शंभर फेऱ्यांपैकी पंचाण्णव फेऱ्यांत माल संपू नये यासाठी आहे. हातातील आणि वाटेवरील फिल्म मिळून ६० गुणिले ४ अधिक १११, म्हणजे ३५१ किलोंच्या खाली गेली, की नवी ऑर्डर द्यायची.

या हिशेबाशी थोडे खेळून पाहावे, कारण खरी गंमत तेथे आहे. समजा, महागडे सॉफ्टवेअर घेऊन अंदाजातील चूक निम्म्यावर, १५ वरून ७.५ किलोंवर आणली. पहिली संख्या ९०० वरून २२५ होते, बेरीज ३,८२५, आणि राखीव साठा १०२ किलो. नऊ किलोंची बचत. आता अंदाज होता तसाच ठेवून छपाईवाल्याची अनियमितता एक आठवड्यावरून अर्ध्या आठवड्यावर आणली. दुसरी संख्या ३,६०० वरून ९०० होते, बेरीज १,८०० आणि राखीव साठा ७० किलो. एक्केचाळीस किलोंची बचत, आणि तिची किंमत म्हणजे छपाईवाल्याला दर महिन्याला पुढच्या तीन महिन्यांचा अंदाज पाठवणे, त्याचे पैसे वेळेवर देणे आणि महिन्यातील ठरावीक दिवशीच ऑर्डर देणे. पैशांचा मुद्दा केवळ सौजन्याचा नाही. पुरवठादार सूक्ष्म वा लघु उद्योग म्हणून नोंदलेला उत्पादक असेल, तर लेखी करार असल्यास कमाल ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत पैसे चुकते करावे लागतात; मुदत टळली आणि वर्षअखेरही ते बाकी राहिले, तर तो खर्च त्या वर्षीच्या प्राप्तिकराच्या हिशेबात धरता येत नाही. म्हणून खरेदीच्या तक्त्यात ‘पैसे देण्याची तारीख’ हा रकाना असावा.

प्रत्येक वस्तूसाठी एवढे बारकाईने करण्याची गरज नाही. रुपयांत सर्वाधिक खपणाऱ्या आठ-दहा वस्तू आणि ज्यांच्यावाचून उत्पादन थांबते अशा फिल्मसारख्या गोष्टी यांना हा हिशेब लावावा. खोके आणि चिकटपट्टीला दोन खणांची जुनी पद्धत उत्तम चालते: पहिला खण रिकामा झाला की ऑर्डर, तोवर दुसरा खण. तेथे संगणक मधे आणूच नये.

सातवी पायरी: मिरची आणि हळद वेगळ्या हिशेबाने

वर सांगितलेले सूत्र मिरचीला लावू नये. कर्नाटकातील ब्याडगी आणि आंध्रातील गुंटूरच्या बाजारांत नव्या मालाची मोठी आवक वर्षाच्या पहिल्या काही महिन्यांत होते. सांगलीच्या बाजारातील हळदीचेही तसेच. येथे प्रश्न पुन्हा ऑर्डर कधी द्यायची हा नसून हंगामात किती भरून ठेवायचे आणि किती नंतर घ्यायचे, हा आहे.

त्यासाठी एक छोटा तक्ता पुरतो. समजा, मार्चमध्ये भाव किलोला २०० रुपये आहे. कर्जावरील व्याज वर्षाला १२ टक्के, म्हणजे किलोमागे महिना २ रुपये. शीतगृहाचे भाडे महिना १ रुपया धरले. नोव्हेंबरमध्ये लागणारी मिरची मार्चमध्ये घेतली तर आठ महिन्यांचे २४ रुपये आणि २ टक्के घटीचे ४ रुपये मिळून ती २२८ रुपयांना पडते. नोव्हेंबरचा भाव यापेक्षा वर जाईल असे वाटत असेल तर आता घ्यावी, नाहीतर थांबावे. जूनच्या मिरचीसाठी हीच सीमा केवळ २१३ रुपये आहे. म्हणजे ‘सगळी आत्ता की नंतर’ असा निर्णय नसतोच. प्रत्येक महिन्याच्या गरजेची सीमारेषा वेगळी असते. ॲगमार्कनेट या सरकारी संकेतस्थळावरून बाजारसमित्यांचे मागील वर्षांचे भाव उतरवून घ्यावेत आणि किती वर्षी भावाने ती सीमा ओलांडली ते मोजावे. यातून भाकीत मिळत नाही. मिळते ते एवढेच, की अडत्याच्या फोनवरील ‘शेठ, उद्या वाढणार’ या वाक्याला किती वजन द्यायचे याचा अंदाज. अडत्याला बाजार आपल्यापेक्षा जास्त कळतो, हेही खरेच. म्हणून त्याचे म्हणणे तारखेसह लिहून ठेवावे आणि हंगामानंतर ताडून पाहावे.

आठवी पायरी: साप्ताहिक आराखडा

सर्व धागे एका पानावर आणावेत. प्रत्येक वस्तूची एक ओळ आणि पुढच्या आठ आठवड्यांचे रकाने: सुरुवातीची शिल्लक, अंदाज, ठरलेले उत्पादन, अखेरची शिल्लक. अखेरची शिल्लक राखीव साठ्याखाली गेली की घर लाल व्हावे. उत्पादनाचे आकडे घटकसूचीने गुणले, की कच्च्या मालाची गरज दुसऱ्या पानावर आपोआप उतरते.

चालू आठवडा गोठवावा. त्यातील उत्पादन बदलायचे असेल तर मालकांची लेखी संमती लागेल असा नियम करावा आणि मालकांनी स्वतःही तो पाळावा, जे अधिक अवघड असते. दळणाचा क्रम ठरवताना धने-जिरे आधी, मग हळद, मिरची आणि शेवटी कांदा-लसूण, असे गेले तर यंत्र धुण्याचे तास वाचतात. एक्सेलमधील सॉल्व्हर या सर्वोत्तम पर्याय शोधणाऱ्या साधनाकडून हा क्रम काढून घेण्याचा प्रयत्न उत्साही मंडळी करतात. त्याला २०० पेक्षा जास्त बदलती घरे चालत नाहीत आणि चाळीस वस्तू गुणिले सहा दिवस म्हणजे २४० होतात. पण ती मर्यादा नसती तरी मी तो नाद लावून घेतला नसता. यंत्रावरील अनुभवी कामगार हा क्रम दहा मिनिटांत मांडतो.

दर सोमवारी अर्धा तास बसावे: विक्री, उत्पादन, खरेदी, गोदाम आणि हिशेब. फक्त लाल घरांवर बोलावे. कोणी अंदाज हाताने बदलला, तर जुना आकडा न पुसता शेजारी नवा आकडा, बदलणाऱ्याचे नाव आणि एका ओळीत कारण लिहावे. तीन महिन्यांनी कोणाच्या बदलांमुळे चूक कमी झाली आणि कोणाच्या बदलांमुळे वाढली, हे दिसू लागते. ते जाहीरपणे वाचून दाखवू नये.

नववी पायरी: आता सॉफ्टवेअर

एकच फाइल तिघांना एकदम उघडायची असते, लॉट क्रमांकानुसार आधी मुदत संपणारा माल आधी पाठवायचा असतो, किंवा दुसरे गोदाम सुरू होते, तेव्हा एक्सेल अपुरे पडते. या टप्प्यावर ईआरपीचा, म्हणजे खरेदी, साठा, उत्पादन आणि हिशेब एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा, विचार करावा. मुंबईच्या फ्रॅपे या कंपनीचे ईआरपीनेक्स्ट हे मुक्त स्रोत (ओपन सोर्स) सॉफ्टवेअर आहे. त्यात घटकसूची, पुनर्मागणी पातळी (साठा जिच्या खाली गेला की नवी ऑर्डर द्यायची ती), लॉट आणि उत्पादन आराखडा या सोयी आहेत. मुक्त स्रोत असले तरी सर्व्हर, बसवणी आणि प्रशिक्षण यांचा खर्च असतोच. निव्वळ नियोजनासाठी फ्रेपल हेही मुक्त स्रोत साधन आहे, पण ते चालवायला तांत्रिक माणूस हवा.

विक्रेता प्रात्यक्षिक दाखवायला येईल तेव्हा त्याचा नमुना डेटा पाहू नये. आपल्या चार वस्तू, त्यांची घटकसूची आणि मागील मार्चची बिले त्याच्या हाती द्यावीत, आणि छापील किंमत बदललेली फिल्म, अर्धवट आलेली ऑर्डर व स्टॉकिस्टकडून परत आलेली पेटी या तीन गोष्टी पडद्यावर नोंदवून दाखवायला सांगावे. सर्व डेटा एक्सेलमध्ये परत काढता येतो का, हेही तेव्हाच करून पाहावे.

बदल जून-जुलैत करावा, हंगामात कदापि नाही. दोन महिने जुनी फाइल आणि नवे सॉफ्टवेअर बरोबरीने चालवून दर शनिवारी दहा वस्तूंची प्रत्यक्ष मोजणी दोन्हींशी ताडावी. सलग चार शनिवार नवा आकडा मोजणीशी जुळला, की जुनी फाइल फक्त वाचण्यापुरती कुलूपबंद करून ठेवावी. ती पुसू नये, कारण पुढच्या मार्चमध्ये मागच्या मार्चचे शून्य शिलकीचे दिवस पाहायला तीच लागणार आहे.